सोळा बाय दोनच्या डिस्प्लेवर ‘पाणी कमी’ : आर्डुइनो, लिक्विडक्रिस्टल आणि आपली आठ चिन्हं

छतावरच्या टाकीतलं पाणी संपत आलंय हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं. पंपाचं बटण दाबणाऱ्या आजीला, शाळेतून आलेल्या पोराला, धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींनाही. तरीही आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर केलेल्या अशा बहुतेक घरगुती प्रकल्पांत पडद्यावरची सूचना इंग्रजीत येते, कारण ‘त्या छोट्या डिस्प्लेवर मराठी येत नाही’ असं मानलं जातं. ते पूर्ण खरं नाही. शब्द नीट निवडले तर येते, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. फक्त डिस्प्ले चालवणारी लिक्विडक्रिस्टल ही लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) आत काय करते ते समजून घ्यावं लागतं. या लेखात आपण कोऱ्या ब्रेडबोर्डपासून सुरुवात करून पहिल्या ओळीत ‘तापमान’ आणि दुसऱ्या ओळीत गरज पडेल तेव्हा ‘पाणी कमी’ दाखवणारा डिस्प्ले तयार करू.

सामान

आर्डुइनो ऊनो, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी (दुकानात ‘सोळा बाय दोन’ म्हटलं की देतात), १० किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), २२० ओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी. नंतरच्या भागासाठी एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून उघडझाप करणारा स्विच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एकाच फेरीत मिळतं. डिस्प्लेला हेडर पिना सोल्डर केलेल्या आहेत का ते घेतानाच बघा. भोकांत वायरी नुसत्या अडकवून काम होत नाही, कधी दिसतं कधी नाही असा त्रास होतो आणि चूक प्रोग्रॅममध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

जोडणी

डिस्प्लेला १६ पिना असतात. पहिली ग्राउंडला, दुसरी ५ व्होल्टला. तिसरी कॉन्ट्रास्टची: पॉटची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडा आणि मधला पाय या तिसऱ्या पिनला. चौथी ‘आरएस’, म्हणजे येणारी गोष्ट आज्ञा आहे की अक्षर हे सांगणारी. ती आर्डुइनोच्या १२ क्रमांकाच्या पिनला जाते. पाचवी ‘आरडब्ल्यू’ सरळ ग्राउंडला, कारण आपण डिस्प्लेला फक्त लिहिणार आहोत, त्याच्याकडून वाचणार नाही. सहावी ‘ई’, म्हणजे एनेबल, ११ ला. सात ते दहा या पिना मोकळ्या सोडा. अकरावी, बारावी, तेरावी आणि चौदावी या अनुक्रमे आर्डुइनोच्या ५, ४, ३ आणि २ ला. पंधरावी पिन २२० ओहममधून ५ व्होल्टला आणि सोळावी ग्राउंडला. या दोन मागच्या दिव्याच्या आहेत.

पाचव्या पिनकडे विशेष लक्ष द्या. ती तरंगती राहिली तर डिस्प्ले स्वतःच डेटाच्या तारांवर बोलू लागतो आणि दोन्हीकडून एकाच वेळी जोर लागतो.

प्रोग्रॅमला हात लावण्याआधी फक्त वीज द्या आणि पॉट फिरवा. एका टप्प्यावर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन दिसले पाहिजेत. ते दिसले म्हणजे वीज आणि कॉन्ट्रास्ट ठीक आहे आणि डिस्प्ले अजून कुणी जागा केलेला नाही. ही चाचणी करायला अर्धा मिनिट लागतं आणि ती नेहमी करावी.

पहिली ओळ उमटवणं

आर्डुइनो आयडीईमध्ये (संगणकावर प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल, मग एक्झॅम्पल्स, मग लिक्विडक्रिस्टल, मग हॅलोवर्ल्ड उघडा. लायब्ररी यादीत नसेल तर लायब्ररी मॅनेजरमध्ये शोधून बसवा. आपण केलेली जोडणी याच उदाहरणातल्या क्रमांकांशी जुळवलेली आहे, त्यामुळे काहीही न बदलता अपलोड करा. वर इंग्रजीतला नमस्कार आणि खाली वाढत जाणारे सेकंद दिसतील. कॉन्ट्रास्ट आत्ताच शेवटचा नीट लावून घ्या.

ही लायब्ररी आर्डुइनोत २००८ साली डेव्हिड मेलिस यांनी आणली आणि २००९ मध्ये लिमोर फ्रीड यांनी तिच्यात बदल केले. इतक्या वर्षांनीही ती तशीच चालते याचं कारण डिस्प्लेच्या मागच्या काळ्या ठिपक्याखाली आहे. हिताची कंपनीच्या एचडी४४७८० या कंट्रोलरची, म्हणजे डिस्प्ले चालवणाऱ्या चिपची, आज्ञावली इतकी रुळली, की आजचे वेगवेगळे स्वस्त कंट्रोलरही तीच आज्ञावली पाळतात.

इथून पुढे मी आज्ञांची नावं देवनागरीत लिहिणार आहे. स्केचमध्ये, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये, त्यांचं स्पेलिंग उदाहरणातून जसंच्या तसं उचला, लहान-मोठ्या अक्षरांसकट. आकडेही तिथे इंग्रजीच लागतात.

लायब्ररी आत काय करते

आपण डेटाच्या चारच तारा जोडल्या, पण अक्षराचा कोड आठ बिटांचा असतो. म्हणून प्रत्येक अक्षर दोन हप्त्यांत जातं: आधी वरचे चार बिट, मग खालचे चार, आणि प्रत्येक हप्त्याला ‘ई’ पिनवर एक टिचकी. ‘बिगिन’ ही आज्ञा सुरुवातीला ५० मिलिसेकंद थांबते, मग ठरलेला मंत्र तीनदा म्हणून डिस्प्लेला ओळीवर आणते आणि त्याला चार तारांच्या पद्धतीत घालते.

साधी आज्ञा पार पाडायला कंट्रोलरला ३७ मायक्रोसेकंद लागतात, पण ‘क्लिअर’ला आणि ‘होम’ला १.५२ मिलिसेकंद. आरडब्ल्यू ग्राउंडला असल्यामुळे ‘झालं का तुझं?’ असं विचारता येत नाही, म्हणून लायब्ररी अंदाजाने जरा जास्तच थांबते: साध्या गोष्टीला १०० मायक्रोसेकंद, क्लिअरला २ मिलिसेकंद.

यातूनच सगळ्यात जास्त आढळणाऱ्या दोषाचं उत्तर मिळतं. ‘लूप’ या सतत फिरत राहणाऱ्या भागाच्या प्रत्येक फेरीत क्लिअर करून सगळं पुन्हा लिहिलं की पडदा फडफडतो, अक्षरं फिकी दिसतात. क्लिअर फक्त सुरुवातीला एकदा वापरा. न बदलणारे शब्द सुरुवातीला चालणाऱ्या ‘सेटअप’मध्ये एकदाच लिहा आणि लूपमध्ये जे बदलतं तेवढ्याच घरांवर नवीन मजकूर टाका. आकडा तीन अंकांवरून दोन अंकांवर आला तर जुना अंक मागे उरतो, म्हणून आकड्यानंतर एक-दोन मोकळ्या जागा लिहायची सवय ठेवा.

दुसरी गोष्ट घरांची. डिस्प्लेच्या आत ८० अक्षरांची मेमरी असते, प्रत्येक ओळीला ४०. आपल्याला त्यातली पहिली सोळाच दिसतात. म्हणून लांब वाक्य लिहिलं की ते सतराव्या घरापासून अदृश्य होतं, खालच्या ओळीत आपोआप उतरत नाही. खाली जायचं तर ‘सेटकर्सर’ लागतो. त्यात आधी घर, मग ओळ, आणि दोन्हींची मोजणी शून्यापासून. म्हणजे दुसऱ्या ओळीचं पहिलं घर (०, १). ‘प्रिंटएलएन’ या डिस्प्लेवर वापरू नका. ती ओळ बदलत नाही, १३ आणि १० हे दोन कोड अक्षर म्हणून पाठवते आणि शेवटी दोन विचित्र खुणा उमटतात. त्या खुणा का उमटतात ते पुढे कळेल.

मराठी थेट का येत नाही

‘प्रिंट’मध्ये क लिहून बघा. पडद्यावर अल्फासारखं एक चिन्ह, एक बारीक स्वल्पविराम आणि एक कोरं घर येईल. स्केचमध्ये क हे अक्षर यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत साठतं: २२४, १६४ आणि १४९. डिस्प्लेला हे तिघे मिळून एक अक्षर होतात हे माहीत नाही; तो प्रत्येकाला स्वतंत्र कोड समजून आपल्या कायमच्या तक्त्यात बघतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये साधारणपणे जो तक्ता असतो त्यात इंग्रजी आणि जपानी काताकाना आहे. देवनागरी नाही. (याच तक्त्यात २२३ या कोडवर अंशाचं छोटं वर्तुळ आहे. ते आपल्याला लागणार आहे.)

पण कंट्रोलर बनवणाऱ्यांनी एक दार उघडं ठेवलं आहे. ० ते ७ या आठ कोडांसाठी ६४ बाइटांची जागा रिकामी आहे, प्रत्येक चिन्हाला आठ बाइट. तिथे आपण पाहिजे ते काढू शकतो. लायब्ररीतली ‘क्रिएटचार’ हेच काम करते. ८ ते १५ हे कोडही याच आठ जागांकडे बोट दाखवतात. प्रिंटएलएनचे १३ आणि १० म्हणूनच पाचव्या आणि दुसऱ्या क्रमांकाचं चिन्ह उमटवतात.

म्हणजे एका वेळी पडद्यावर आठ वेगळी मराठी चिन्हं. मोठ्या, वीस बाय चारच्या डिस्प्लेवरही आठच. या मर्यादेत शब्द निवडणं हा या कामातला खरा कौशल्याचा भाग आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. काना वेगळ्या घरात ठेवला की तो प्रत्येक आकारान्त अक्षराला पुरतो. ‘तापमान’ला सहा घरं लागतात, पण वेगळी चिन्हं पाचच: त, काना, प, म, न. ‘पाणी’ला त्यातली दोन आहेतच, फक्त ण आणि दुसरी वेलांटी वाढते. ‘कमी’ला एकटा क. झाली आठ.

जोडाक्षरं, रफार, उकार असलेले शब्द टाळा. पाच गुणिले आठ ठिपक्यांत त्यांचा चिखल होतो. पहिली वेलांटी चालते, पण डिस्प्लेला उच्चाराचा क्रम कळत नाही, दिसण्याचाच कळतो, म्हणून ती अक्षराच्या आधीच्या घरात लिहावी लागते.

अक्षर काढणं

चौकटीच्या वहीत पाच चौकोन रुंद आणि आठ उंच अशी चौकट आखा. सगळ्यात वरची ओळ वेलांटीसाठी राखून ठेवा. दुसरी पूर्ण ओळ शिरोरेषेची, सगळ्या अक्षरांना एकाच उंचीवर. शेवटची ओळ कोरी. मधल्या पाच ओळींत अक्षर बसवायचं. प्रत्येक ओळीचा आकडा काढायला डावीकडून १६, ८, ४, २, १ अशी किंमत धरा आणि भरलेल्या चौकोनांची बेरीज करा. त असा होतो:

□□□□□ ०
■■■■■ ३१
□□□□■ १
□■■■■ १५
■□□□■ १७
■□□□■ १७
□■□□■ ९
□□□□□ ०

बाकीची याच रीतीने. डावीकडे चिन्हाचा क्रमांक:

०. त : ०, ३१, १, १५, १७, १७, ९, ०
१. काना : ०, ३१, ४, ४, ४, ४, ४, ०
२. प : ०, ३१, १७, १७, १५, १, १, ०
३. म : ०, ३१, ९, ९, ३१, २५, १, ०
४. न : ०, ३१, १, १, ३१, २५, १, ०
५. ण : ०, ३१, २१, २१, २९, १, १, ०
६. दुसरी वेलांटी : २८, ३१, ४, ४, ४, ४, ४, ०
७. क : ०, ३१, ४, १५, २१, १३, ४, ०

म आणि न यांत फक्त तिसऱ्या-चौथ्या ओळीतला एक ठिपका वेगळा आहे: मची डावी उभी रेघ काढली की न राहतो. इतक्या कमी ठिपक्यांत असेच फरक सांभाळावे लागतात. तुम्हाला एखादं अक्षर पटलं नाही तर एक-दोन ठिपके हलवून पाहा आणि हाताच्या अंतरावरून नव्हे, खोलीच्या दारातून वाचून ठरवा. या आठांत मला स्वतःला वेलांटी सगळ्यात अपुरी वाटते, कारण तिचा गोल आधीच्या घरात जायला हवा. आपल्या शब्दांत ण फक्त वेलांटीसोबतच येतो, म्हणून ‘ण’च्या पहिल्या ओळीत ० ऐवजी ७ घातलं तर गोलाची सुरुवात ‘ण’च्या घरात होते आणि ‘णी’ छान जुळते. ‘म’ला मात्र तसं करता येणार नाही, कारण तो ‘तापमान’मध्येही येतो, तिथे डोक्यावर रेघ चालणार नाही.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरने सुटत नाही. दोन घरांच्या मध्ये काचेवरच थोडी फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. वाचायला अडचण येत नाही. अखंड रेषाच हवी असेल तर ठिपक्यांचा ग्राफिक डिस्प्ले घ्यावा लागेल.

चिन्हं भरणं आणि शब्द लिहिणं

लिक्विडक्रिस्टलच्या उदाहरणांत कस्टमकॅरेक्टर नावाचं एक आहे. त्यात बदाम, हसरा चेहरा वगैरे पाच आकृत्या आहेत. ते उघडा आणि आकृत्यांच्या जागी आपली आठ अक्षरं भरा: प्रत्येकासाठी आठ बाइटांचा एक ॲरे (आकड्यांची यादी). उदाहरणात आकडे बायनरीत दिले आहेत, वरचे साधे आकडे घातले तरी चालतात. सेटअपमध्ये ‘बिगिन’ला १६ आणि २ द्या, मग आठ वेळा ‘क्रिएटचार’, प्रत्येक वेळी क्रमांक आणि ॲरेचं नाव.

त्यानंतर लगेच ‘सेटकर्सर’ हवाच. चिन्हं भरताना डिस्प्लेचा आतला निर्देशक चिन्हांच्या मेमरीत गेलेला असतो. तो परत आणला नाही तर पुढचा मजकूर पडद्यावर न जाता तुमच्याच अक्षरांच्या आकृतीवर लिहिला जातो.

आता शब्द. प्रत्येक शब्दासाठी क्रमांकांचा एक बाइट ॲरे करा:

तापमान : ०, १, २, ३, १, ४
पाणी : २, १, ५, ६
कमी : ७, ३, ६

आणि ‘राइट’ला ॲरेचं नाव आणि लांबी द्या: तापमानसाठी ६, पाणीसाठी ४, कमीसाठी ३. ‘प्रिंट’मध्ये मजकूर म्हणून हे क्रमांक घातले तर गडबड होते, कारण सी भाषेत शून्य म्हणजे मजकूर संपला, आणि आपला त शून्यावरच आहे. (तरीही मजकूरच वापरायचा असेल तर ‘त’साठी ० ऐवजी ८ द्या.) एकटं शून्य क्रमांकाचं चिन्ह ‘राइट’ने लिहिताना शून्य ‘बाइट’च्या कंसात घाला, नाहीतर शून्य म्हणजे अंक की पॉइंटर हे कंपायलरला ठरवता येत नाही आणि तो अडतो.

टाकीचा प्रोग्रॅम

एलएम३५ चा मधला पाय ए० ला, बाकीचे ५ व्होल्ट आणि ग्राउंडला; कुठला पाय कुठला ते डेटाशीटमध्ये बघूनच, उलटा लावला तर तो भाजण्याइतका तापतो. हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणून ए० वरचा आकडा गुणिले ५०० भागिले १०२४ केलं की सेल्सिअस मिळतं. पाच-दहा वाचनांची सरासरी घ्या, म्हणजे दशांश नाचणार नाही.

फ्लोट स्विचची एक वायर ग्राउंडला, दुसरी ७ क्रमांकाच्या पिनला, आणि पिन ‘इनपुट पुलअप’ करा, म्हणजे स्विच उघडा असताना ती आतल्या रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढलेली राहते. पाणी खाली गेल्यावर स्विच जोडला जाईल असा बसवा. अनेक स्विचांत तरंगणारा भाग काढून उलटा घातला की वागणूक उलटते. छतापर्यंतची वायर लांब असेल तर आतला पुलअप कमजोर पडतो. ५ व्होल्ट आणि पिन ७ मध्ये ४.७ किलोओहम बाहेरून जोडा. पाण्याच्या लाटांनी स्विच उघडझाप करतो, म्हणून स्थिती सलग दोन सेकंद तीच राहिली तरच ती खरी माना.

सेटअपमध्ये (०, ०) वर ‘तापमान’ आणि (०, १) वर ‘पाणी’ एकदाच लिहा. लूपमध्ये ‘मिलिस’ (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) बघून दर अर्ध्या सेकंदाला (७, ०) वर जा, तापमान एका दशांशापर्यंत प्रिंट करा, ‘राइट’ने २२३, मग एक मोकळी जागा. नंतर (५, १) वर जाऊन पाणी कमी असेल तर ‘कमी’, नसेल तर तीन मोकळ्या जागा. लक्ष वेधायचं असेल तर ‘कमी’ आणि मोकळ्या जागा आलटून पालटून लिहा, शब्द लुकलुकतो. सगळं काम ५ व्होल्टचं आहे. पंप आपोआप चालू-बंद करायचा मोह झाला तर २३० व्होल्टची ती जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या.

नववं अक्षर हवं असेल तर? आकृती बदलली की पडद्यावर तो कोड असलेली सगळी घरं त्याच क्षणी बदलतात. म्हणजे दोन वेगळी पानं आलटून पालटून दाखवायची असतील, तर पान बदलताना आधी मजकूर पुसा, नव्या पानाची आठ चिन्हं भरा, मग लिहा. एकाच पानावर मात्र आठाच्या वर जाता येत नाही.

चार वायरींचा पर्याय

डिस्प्लेच्या मागे पीसीएफ८५७४ चिपची छोटी पट्टी लावलेली मिळाली तर वायरी चारच लागतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला. कॉन्ट्रास्टचा पॉट पट्टीवरच असतो. पत्ता बहुधा हेक्स २७, आणि चिपच्या नावात आकड्यानंतर ए असेल तर हेक्स ३एफ. यासाठी लायब्ररी वेगळी लागते. बिल पेरी यांची एचडी४४७८० ही लायब्ररी मी सुचवीन, कारण ती पत्ता आणि पट्टीवरची अंतर्गत जोडणी स्वतः शोधते आणि तिच्यासोबत दोष शोधणारं स्केचही येतं. अक्षरांचे ॲरे, ‘क्रिएटचार’, ‘राइट’ हे सगळं तसंच राहतं.

बिघाड शोधताना

दिवा लागतो पण काही दिसत नाही: कॉन्ट्रास्ट. वरच्या ओळीत काळे चौकोन तसेच: ‘बिगिन’ डिस्प्लेपर्यंत पोहोचला नाही, ‘आरएस’ आणि ‘ई’च्या वायरी तपासा. अक्षरं येतात पण भलतीच: डेटाच्या चारपैकी दोन वायरींची अदलाबदल.

सगळं ठीक चाललेलं असताना पंप सुरू होताच पडद्यावर कचरा येतो, हा प्रकार टाकीच्या प्रकल्पात हमखास भेटतो. मोटरच्या झटक्याने ‘ई’वर एखादी खोटी टिचकी पडते, चार-चार बिटांच्या जोड्या एका हप्त्याने सरकतात आणि पुढचं सगळं चुकतं. आर्डुइनोला याचा पत्ताच नसतो, कारण तो डिस्प्लेकडून काही वाचत नाही. डिस्प्लेच्या वायरी छोट्या ठेवा, पंपाच्या वायरपासून लांब न्या, आणि डिस्प्लेच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये अगदी जवळ १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. शिवाय ‘बिगिन’, आठ ‘क्रिएटचार’ आणि न बदलणारे दोन शब्द हे सगळं एका फंक्शनमध्ये ठेवा. सेटअपमध्ये ते बोलवाच, आणि लूपमधूनही दर दहा मिनिटांनी एकदा बोलवा. पडदा क्षणभर कोरा होईल आणि कचरा असला तर त्याच्यासोबत जाईल.